झाकलेले कोंबडे आणि बिनतारी जाळे

मराठी माणूस कोणत्याही गावी जाऊन राहिला, तरी दारावर नावाची पाटी लावल्यावाचून ते घर त्याला आपले वाटत नाही. इंदूरचा रामबाग घ्या, वडोदऱ्याचा दांडिया बाजार घ्या, ग्वाल्हेरचे लष्कर घ्या की बेळगावची टिळकवाडी. पितळी, लाकडी, संगमरवरी अशा पाट्या वाचीत माणसाने एक संध्याकाळ सुखाने घालवावी. गेल्या दहापंधरा वर्षांत या पाटीच्या जोडीला घराघरांतून आणखी एक पाटी लागली आहे. ती डोळ्यांना दिसत नाही. फोन उघडला आणि वायफायची यादी काढली की शेजारपाजारच्या साऱ्या घरांची नावे एकाखाली एक हजर होतात. कोणी आडनाव घातलेले असते, कोणी नातवाचे लाडके नाव, तर कोणी कंपनीने दिलेले अगम्य अक्षरांचे नाव तसेच ठेवून दिलेले असते.

या अदृश्य पाटीविषयी एक सल्ला हल्ली फार ऐकू येतो. 'नाव लपवून टाका. जे दिसतच नाही, ते चोरणार कोण?' घरी जोडणी करावयास येणारा फायबरवाला मुलगा हे सांगतो, परगावी नोकरीला असलेले चिरंजीव सांगतात, आणि ज्याला 'संगणकातले कळते' अशी गल्लीत ख्याती असते तो शेजारीही सांगतो. सल्ला ऐकताक्षणी पटावा असाच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु या ठिकाणी मूठ खरोखरच झाकली जाते काय? आणि झाकल्यावर घरातल्याच संगणकाला ती सापडावी कशी? मी भाषेचा शिक्षक. यंत्रशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण हल्ली सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला मुलांच्या नोंदीपासून मध्यान्ह भोजनाच्या हिशेबापर्यंत सर्व काही संगणकावरच भरावे लागते, त्यामुळे हा विषय शिकण्यावाचून गत्यंतर नव्हते. जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो.

वायफाय म्हणजे मुळात रेडिओच. आपल्या घरातील राउटर नावाची पेटी ज्या लहरी सोडते, त्यांची लांबी नेहमीच्या पट्ट्यात सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, म्हणजे साधारण एका वितीहून कमी. याहूनही आखूड लहरी निर्माण करून आचार्य जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्यात दूर अंतरावरची घंटा तारेवाचून वाजवून दाखविली होती. त्या प्रयोगाला शंभर वर्षे उलटल्यावर, १९९७ मध्ये, आय.ई.ई.ई. या अभियंत्यांच्या संस्थेने बिनतारी संगणकजाळ्याचे नियम बांधले, ८०२.११ हा त्यांचा क्रमांक. 'वायफाय' हे सुटसुटीत नाव १९९९ मध्ये व्यापाराच्या सोयीसाठी घडविले गेले. आपल्या देशात २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांकरिता परवान्यातून मोकळा केला आणि ही पेटी घरोघरी येण्याचा मार्ग खुला झाला.

ही पेटी गप्प कधीच बसत नाही. पूर्वी गावात दवंडीवाला ढोलके वाजवीत फिरे, तशी ती सेकंदाला सुमारे दहा वेळा दवंडी पिटत असते. 'मी येथे आहे, माझे नाव अमुक, मी अमुक वाहिनीवर बोलते, माझ्या दाराला अमुक प्रकारचे कुलूप आहे', असा त्या दवंडीचा मजकूर. या नावाला तंत्रज्ञ 'एसएसआयडी' म्हणतात. आपल्या फोनवर दिसणारी यादी म्हणजे आसपासच्या साऱ्या दवंड्या ऐकून फोनने केलेले टिपण होय.

आता नाव लपविणे म्हणजे काय, ते पाहा. पुष्कळांची अशी समजूत असते की, नाव लपविले की पेटी अदृश्य होते. तसे मुळीच होत नाही. दवंडी पूर्वीप्रमाणेच चालू राहते, ढोलकेही तितकेच वाजते. वाहिनी, कुलपाचा प्रकार, पेटीचा अंगभूत क्रमांक, सर्व मजकूर पूर्ववत सांगितला जातो. फक्त नावाची जागा आली की दवंडीवाला तेवढा शब्द गिळतो. म्हणूनच विंडोजच्या संगणकावर अशा जाळ्याची नोंद नाहीशी होत नाही. ती 'हिडन नेटवर्क' या नावाने यादीच्या तळाशी उभीच असते. दारावरची पाटी काढून ठेवली म्हणून घर लपत नाही. उलट येणाराजाणारा जरा थबकून पाहतो, की या एकाच घराला पाटी कशी नाही?

याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. दवंडीत नाव नाही, तेव्हा आपला संगणक त्या जाळ्याला शोधणार कसा? यावर उपाय एकच. संगणकाने स्वतः हाक मारावयाची: 'अमुक नावाचे कोणी आहे काय?' नाव जुळले तर पेटी 'ओ' देते, आणि त्या 'ओ'मध्ये आपले नाव स्वच्छ उच्चारते. जोडणीची रीतसर मागणी करताना संगणक तेच नाव पुन्हा एकदा घेतो. ही सारी बोलणी कुलूप लागण्यापूर्वीची, अर्थात उघड्यावरची. जवळपास बसून रेडिओलहरी ऐकणाऱ्या जाणत्या माणसाला घरातील एखादा फोन जोडला जाईपर्यंत थांबावे लागते, एवढेच. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ती गत.

एवढ्या तांत्रिक खटाटोपाचीही अनेकदा गरज पडत नाही. आमच्या शाळेत संगणककक्ष झाला तेव्हा जोडणी करणाऱ्या गृहस्थांनी मुलांना कळू नये म्हणून जाळ्याचे नाव लपवून ठेवले. आठवडा उलटण्याच्या आत नववीच्या वर्गात ते नाव सर्वतोमुखी झाले. चौकशी केली तेव्हा कळले की, यात कोणाचीही हुशारी नव्हती. जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर ते नाव ठळक अक्षरांत दिसतच असते. पुढच्या बाकावरच्या एका मुलाने ते वाचले, इतकेच. मात्र नाव ठाऊक होऊनही एकाही मुलाला आत शिरता आले नाही, कारण सांकेतिक शब्द पक्का होता. या विषयातले मर्म त्या आठवड्यात आमच्या नववीला जितके कळले, तितके पुष्कळ मोठ्यांना कळलेले नसते.

नाव लपविण्याचा खरा जाच होतो तो परक्यांना नव्हे, घरच्यांना. आमच्याच गल्लीतील एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण देतो. मुलगा अमेरिकेत. मागल्या खेपेस आला तेव्हा त्याने नवी पेटी बसविली, सुरक्षिततेसाठी नाव लपविले, आईवडिलांचे फोन आणि संगणक जोडून दिले आणि तो परत गेला. वर्षभर सर्व सुरळीत चालले. पुढे संगणक बिघडला, दुरुस्त होऊन आला तो कोरी पाटी होऊन. नोव्हेंबर महिना. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावयाचा; २०१४ पासून 'जीवन प्रमाण' या योजनेने तो घरबसल्या देता येतो, आणि गुरुजींचे गुडघे पाहता तो घरबसल्या देणेच बरे. पण यादीत नाव नाही. तिकडे रात्र असताना काकूंनी मुलाला फोन लावला.

"अरे, त्या वायफायचं नाव काय ठेवलं होतंस तू?"

"आई, यादीत दिसणार नाही ते. टाइप करावं लागेल."

"ते कळलं रे. पण टाइप काय करायचं?"

"आपलं आडनाव... पुढे घर नंबर. मध्ये रेघ होती बहुतेक. खालची रेघ की मधली, ते आठवत नाही गं. बाबांना विचार ना, त्यांच्या वहीत असेल."

बाबांच्या वहीत दुधाचा हिशेब होता, विमाहप्त्यांच्या तारखा होत्या. हे नाव नव्हते. आडनाव, घरक्रमांक, मोठी-लहान लिपी आणि दोन प्रकारच्या रेघा यांच्या नाना जुळण्या करता करता दोन दिवस गेले. काकूंच्या जुन्या फोनवर तोच वायफाय जोडलेला आहे आणि त्याच्या पडद्यावर नाव लिहिलेले आहे, हे शेवटी शेजारच्या मुलीच्या लक्षात आले. घराचे नाव घरमालकालाच माहीत नसावे, ही स्थिती मला तरी सुरक्षिततेची वाटत नाही.

तथापि नाव लपविलेली जाळी आहेत आणि राहणार. काही कार्यालये, बँका, वसतिगृहे तशीच व्यवस्था ठेवतात; तेथे आपला संगणक जोडण्याची वेळ कोणावरही येऊ शकते. तेव्हा रीत ठाऊक असलेली बरी.

आरंभी चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात: जाळ्याचे नेमके नाव, कुलपाचा प्रकार, सांकेतिक शब्द आणि ते जाळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे की ५ च्या. ही शेवटची गोष्ट कोणी विचारीत नाही, आणि घोडे नेमके तेथेच पेंड खाते. जुन्या संगणकांपैकी पुष्कळांना ५ गिगाहर्ट्झच्या लहरी ऐकूच येत नाहीत. अशा संगणकावर नाव कितीही अचूक लिहिले तरी तो बहिऱ्यापुढे केलेला पुकारा ठरतो.

विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, वायफायची पंख्यासारखी खूण असते. तिच्यावर टिचकी मारून यादी उघडावी आणि तळाशी 'हिडन नेटवर्क' निवडावे. पुन्हा पुन्हा खटपट नको असेल तर 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' या चौकोनात खूण करावी. मग संगणक प्रथम नाव विचारतो आणि ते दिल्यावर सांकेतिक शब्द. दोन्ही बरोबर असतील तर काम झाले.

कधी कधी ही नोंद यादीत येत नाही, किंवा आपण त्या जाळ्याच्या टप्प्याबाहेर असून आधीच तयारी करून ठेवावयाची असते. त्या वेळी दुसरी वाट धरावी. 'कंट्रोल पॅनेल'मधील 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर' उघडून नवी जोडणी करण्याचा पर्याय घ्यावा आणि त्यात 'मॅन्युअली कनेक्ट टू अ वायरलेस नेटवर्क' हे निवडावे. येथे नाव, कुलपाचा प्रकार आणि सांकेतिक शब्द एकाच फर्म्यात भरता येतात. कुलपाचा प्रकार घरगुती जाळ्यात बहुधा 'डब्ल्यूपीए-२ पर्सनल' असतो. फर्म्याच्या तळाशी एक चौकोन आहे, त्याचा आशय असा की, जाळे नाव पुकारीत नसले तरीही जोडणी करावी. लपविलेल्या जाळ्यासाठी तेथे खूण करणे अगत्याचे. ती राहिली तर बाकी सारे बरोबर असूनही संगणक ढिम्म हलत नाही. अँड्रॉइड फोनवर वायफायच्या यादीखाली 'ॲड नेटवर्क' असते. तेथे नाव भरून पुढील पर्यायांत जाळे लपविलेले आहे असे सांगावे लागते. आयफोनवर यादीच्या शेवटी 'अदर' असते.

नाव लिहिण्याच्या बाबतीत यंत्र आपल्या व्याकरणाच्या जुन्या गुरुजींपेक्षाही कडक आहे. रोमन लिपीतील मोठे अक्षर आणि लहान अक्षर ही त्याच्या लेखी दोन निराळी अक्षरे. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा तो एक वर्ण मानतो, आणि ती डोळ्यांना दिसत नसल्याने माणूस हैराण होतो. शून्य आणि 'ओ', एक आणि लहान 'एल' यांची गल्लत तर नित्याची. जोडणी फसली तर दोष कोठे आहे याचा साधारण अंदाज मात्र बांधता येतो. नाव चुकले असेल तर पेटी 'ओ'च देत नाही आणि संगणक थोडा वेळ शोधून जोडता आले नाही म्हणून थांबतो. सांकेतिक शब्द चुकला असेल तर बोलणी सुरू होऊन मध्येच मोडतात आणि बहुधा तो शब्द पुन्हा मागितला जातो.

येथे भाषेच्या शिक्षकाला राहवत नाही म्हणून थोडे विषयांतर. जाळ्याचे नाव मराठीत, देवनागरीत ठेवता येईल काय? नियमांना त्याचे वावडे नाही. काही पेट्या ते स्वीकारतात, पुष्कळ स्वीकारीत नाहीत. मात्र नावाची कमाल लांबी ३२ बाइट एवढीच ठरलेली आहे. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हाला, म्हणजे अक्षराला, काना-वेलांटीला आणि हलन्तालाही, तीन तीन बाइट लागतात. 'जोशी वाडा' हे नाव २५ बाइटांत बसते. 'कुलकर्णी वाडा' ३७ वर जाऊन दाराबाहेर राहतो! कुलकर्ण्यांनी याचा राग मानू नये. दुसरी अडचण आणखी सूक्ष्म आहे. 'कऱ्हाडकर' या शब्दातील आडवा रकार संगणकावर दोन निरनिराळ्या पद्धतींनी उमटविता येतो. वाचणाऱ्याला दोन्ही रूपे अगदी सारखी दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. नाव यादीत दिसत असेल तर ही अडचण येतच नाही, कारण तेव्हा आपण नुसते बोट ठेवतो. परंतु नाव लपवायचे आणि दर वेळी हाताने लिहायचे असेल, तर मराठीवर कितीही प्रेम असले तरी ते साध्या, लहान रोमन अक्षरांतच ठेवावे असे मी सांगेन.

असो. वर ज्या चौकोनाचा उल्लेख केला, त्याच्या खालीच विंडोजने एक इशारा छापलेला आहे: हा पर्याय निवडल्यास आपल्या संगणकाचा खाजगीपणा धोक्यात येऊ शकतो. अँड्रॉइड आणि आयफोनही याच अर्थाची सूचना देतात. सुरक्षिततेसाठी म्हणून जी गोष्ट आपण करतो, तिच्याविषयी यंत्र बनविणारेच सावध करतात, हे कसे? उत्तर त्या हाकेत आहे. नाव पुकारणाऱ्या जाळ्याची दवंडी ऐकू आली तर आपला फोन जोडला जातो. नाही आली तर तो निमूट बसतो. लपविलेल्या जाळ्याची दवंडी निनावी असल्याने फोनला वाट पाहून भागत नाही. त्याला पुन्हा पुन्हा विचारावे लागते. आणि आपण घरात आहोत की हुबळीच्या गाडीत, हे त्याला कोठे ठाऊक? बाजारात, बसस्थानकावर, लग्नाच्या कार्यालयात, दवाखान्याच्या बाकावर तो घरच्या जाळ्याचे नाव घेऊन हाका मारीत असतो. म्हणजे दारावरची पाटी उतरविली खरी, पण ती प्रत्येकाने गळ्यात अडकवून गावभर हिंडायला सुरुवात केली! त्या नावात आडनाव आणि घरक्रमांक असला, तर ऐकणाऱ्याला पत्ताच मिळाला.

कुलूप नसलेल्या जाळ्याच्या बाबतीत हा धोका अधिकच वाढतो. एखाद्या लबाडाने तेच नाव धारण केलेली आपली पेटी जवळ मांडली, तर फोन तिलाच घर समजून जोडला जाण्याचा संभव असतो. पक्के कुलूप असेल तर मात्र तोतयाला सांकेतिक शब्द ठाऊक नसल्याने तो पुढच्या परीक्षेत नापास होतो. म्हणून 'नाव लपविले आहे, आता सांकेतिक शब्दाची काय गरज?' असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा मला खरी काळजी वाटते.

ही काळजी अनाठायी नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना धमकीचे ई-पत्र गेले होते. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थांच्या घरी पोहोचले. त्यांच्या घरचे वायफाय कुलपावाचून होते आणि परक्यांनी त्याचा उपयोग करून ते पत्र धाडले होते. त्या गृहस्थांचा कटाशी संबंध नव्हता. पण पत्राचा पत्ता त्यांच्या घराचा निघाला आणि चौकशीचे शुक्लकाष्ठ त्यांच्यामागे लागले. पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी कुलपावाचून असलेली जाळी हुडकण्याची मोहीमच काढली. त्या घरी नाव लपविलेले असते तर अनर्थ टळला असता काय? ऐकणारा जाणता असेल तर नाही. साध्या कुलपाने मात्र बहुधा टळला असता.

लपविणे आणि कुलूप लावणे यांतील भेद समजण्यास आपल्या साहित्याच्या इतिहासात एक चांगला दाखला आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ 'सकळा'सारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथी परक्याच्या हाती पडली, त्याने ती उलगडून समोर मांडली, तरी त्याला एक ओळ लागत नसे. लिपीची किल्ली मिळेपर्यंत मजकूर बंदच राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तिचा उलगडा केला. बिनतारी जाळ्याचे कुलूपही याच जातीचे, म्हणजे सांकेतिक लिपीचे असते. लहरी सर्वांच्या अंगणातून जातात, पण किल्लीवाचून त्यांचा अर्थ लागत नाही.

या कुलपांच्याही पिढ्या आहेत. पहिले कुलूप 'डब्ल्यूईपी' १९९७ च्या नियमांतच होते. फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघा संशोधकांनी २००१ मध्ये त्याची मूलभूत दुर्बलता दाखवून दिली आणि ते अक्षरशः कुचकामी ठरले. नाव लपवा हा सल्ला त्या दुबळ्या कुलपाच्या दिवसांत जो रुजला, तो कुलपे सुधारल्यावरही तोंडी परंपरेने चालू राहिला, असे मला वाटते. २००३ मध्ये 'डब्ल्यूपीए', २००४ मध्ये 'डब्ल्यूपीए-२' आणि २०१८ मध्ये 'डब्ल्यूपीए-३' आले. आज घरात शेवटच्या दोहोंपैकी एक असावे. पेटीवर 'डब्ल्यूईपी' आढळले तर ती पेटी बदलण्याच्या लायकीची झाली असे समजावे.

'डब्ल्यूपीए-२' मध्ये नावाला एक वेगळेच काम आहे, आणि ते लपून राहण्याचे नाही. आपला सांकेतिक शब्द आणि जाळ्याचे नाव एकत्र करून ते मिश्रण ४,०९६ वेळा घुसळले जाते, तेव्हा खरी किल्ली तयार होते. शब्द तोच ठेवून नाव बदलले तर किल्ली पार बदलते. नाव सर्वसामान्य असेल, कंपनीने हजारो पेट्यांना दिलेले तेच असेल, तर त्या नावासाठी आधीच किल्ल्यांचे जुडगे बनवून ठेवणाऱ्याचे फावते. म्हणून नाव लपविण्यापेक्षा ते निराळे ठेवावे: फुलाचे, नदीचे, आवडत्या पदार्थाचे; आडनाव व घरक्रमांक मात्र नको.

सांकेतिक शब्द किमान आठ आणि जास्तीत जास्त त्रेसष्ट अक्षरांचा चालतो. आपल्याकडे स्वतःचा दहा आकडी मोबाइल क्रमांक तेथे ठेवण्याची फार खोड आहे. हिशेब करून पाहा. मोबाइलचा पहिला आकडा ६ ते ९ पैकी एक, पुढचे नऊ कोणतेही. म्हणजे सगळे मिळून चारशे कोटी क्रमांक. माणसाला ते डोंगराएवढे वाटतात; पण जोडणीच्या वेळची देवाणघेवाण एकदा टिपून घेतली, की घरी बसून हे सारे क्रमांक लावून पाहणे ही चांगल्या संगणकाला काही तासांची मजुरी आहे. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहावेत. आजीला पाठ होतील असे घरगुती शब्द निवडले तरी हरकत नाही. ओळीने म्हणीतले किंवा गाण्यातले मात्र घेऊ नयेत.

मग नाव लपविण्याला काहीच अर्थ नाही काय? एका मर्यादेत आहे. कार्यालयात पाचसहा जाळी असतील आणि पाहुण्यांनी भलत्याच नावावर बोट ठेवू नये असे वाटत असेल, तर यादी आटोपशीर ठेवण्याची ती एक सोय आहे. घरात ती सोयही नाही. तेथे पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' वेगळे काढावे. आज पुष्कळ पेट्यांत ती व्यवस्था असते, आणि मुख्य जाळ्याचा सांकेतिक शब्द मुंजीला आलेल्या साऱ्या गोतावळ्याला द्यावा लागत नाही.

ज्यांनी नाव लपवून ठेवले आहे आणि आता ते उघड करावयाचे आहे, त्यांनी संगणकाच्या ब्राउझरमध्ये पेटीचा अंकपत्ता घालावा. तो पेटीच्या पोटाशी चिकटविलेल्या कागदावर असतो, पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा. आत वायफायच्या विभागात 'हाइड एसएसआयडी' यासमोरची खूण काढावी, त्याच वेळी पेटीच्या व्यवस्थापनाचा मूळचा सांकेतिक शब्दही बदलावा, आणि नवे नाव व नवा शब्द एका वहीत लिहून ती वही घरातल्या दोघांना तरी माहीत असेल अशा कपाटात ठेवावी. एवढ्याने मात्र संपत नाही. घरातील प्रत्येक फोन आणि संगणक हाती घेऊन जुनी नोंद 'फर्गेट' म्हणून पुसावी आणि नव्याने जोडणी करावी. नाहीतर पेटी आपले नाव उघड सांगू लागली तरी फोनला त्याचा पत्ता नसतो. तो बसस्थानकावर उभा राहून, आता अस्तित्वातच नसलेल्या पाटीचे नाव घेत हाका मारीत राहतो.